आई-बाबा साडेपाच महिने अमेरिकेला: प्रवास विमा घ्यायचा की नाही? नाशिककरांनो, अनुभव सांगा

इंदिरानगरची_लेक
सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आई-बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात भावाकडे न्यू जर्सीला निघतायत, परत येतील नोव्हेंबरच्या मध्याला. वहिनीचं बाळंतपण जुलैत आहे. व्हिसा आधीचाच आहे, तिकिटं काढून झाली, बॅगांच्या याद्यासुद्धा झाल्या. घोडं अडलंय ते विम्यावर.

बाबा ६९ वर्षांचे. ऑगस्टमध्ये, म्हणजे तिकडे असतानाच, सत्तरी पूर्ण होईल. साडेतीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू. रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात, तब्येत चांगली आहे. आई ६४, थायरॉईड आणि गुडघे, बाकी काही नाही.

घरात तीन तोंडं तीन दिशांना. भाऊ म्हणतो, मी इथून अमेरिकन कंपनीचा काढतो, तुम्ही त्यात पडू नका. बाबा म्हणतात, विमा म्हणजे पैसे पाण्यात, मला काही झालंच तर पहिल्या विमानात बसवा आणि आपल्या डॉक्टरांकडे आणा. आणि तिसरे आमच्या ओळखीचे एजंट.

ते काल फॉर्म घेऊन घरी आले होते. फॉर्मवर प्रश्नांची एक रांग होती: हृदयविकार आहे का, मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, कुठली शस्त्रक्रिया झाली आहे का. प्रत्येकापुढे 'नाही'च्या चौकटीत त्यांनी आधीच पेन्सिलीने बारीक खूण करून आणली होती. म्हणाले, "काका, तुम्ही फक्त सही करा. खरं लिहिलं तर प्रीमियम वाढेल, कदाचित पॉलिसी मिळणारच नाही." बाबांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि सही न करता फॉर्म फ्रिजवर ठेवून दिला. तो अजून तिथेच आहे.

माझा प्रश्न सरळ आहे. ज्या हृदयाची आम्हाला भीती वाटते त्यालाच विमा धरत नसेल, तर पैसे कशाचे भरायचे? आणि धरत असेल तर नक्की किती?

प्रेसवाले_काका
सोमवार, रात्री ११.२५

ताई, मी नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये ३४ वर्षं काढली. आपल्या देशाच्या पासपोर्टच्या पुस्तिका तिथेच छापल्या जातात. माझा स्वतःचा पासपोर्ट मात्र निवृत्त झाल्यावर काढला, मुलगी डॅलसला गेली तेव्हा.

आम्ही दोघं तीनदा जाऊन आलो, प्रत्येक वेळी चार-चार महिने. एकदाही विमा घेतला नाही. तेवढे पैसे बँकेत वेगळे ठेवले आणि परत आल्यावर त्यातून घराचं वॉटरप्रूफिंग केलं. मुलगी-जावई तिथे आहेत, वेळ आली तर ते बघतील असं मनात होतं. माझं मत विचाराल तर घाबरून घेऊ नका. वडिलांची तब्येत त्यांना स्वतःला कळते.

एडिसनचा_पंचवटीकर
मंगळवार, पहाटे ४.१०

काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, 'मुलगी-जावई बघतील' या वाक्यानेच माझी झोप उडते. बघावं कसं लागतं ते मी शेजारच्या घरात पाहिलंय. मी न्यू जर्सीतल्या एडिसनला १४ वर्षं आहे. आई-बाबा पंचवटीतून दर दोन वर्षांनी येतात.

इथे इमर्जन्सी रूममध्ये गेलात तर पैसे नाहीत म्हणून तुम्हाला दारातून परत पाठवत नाहीत. १९८६ चा तसा कायदाच आहे: रुग्णाला तपासायचं आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे. आपल्याकडे बऱ्याच लोकांना एवढंच ऐकू येतं आणि ते निर्धास्त होतात. पण उपचार नाकारत नाहीत म्हणजे ते फुकट असतात असं नाही. बिल नंतर टपालाने येतं, आणि एक येत नाही. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरचं वेगळं, स्कॅन वाचणाऱ्याचं वेगळं, अॅम्ब्युलन्सचं वेगळं. माझ्या शेजाऱ्यांच्या सासूबाई बाथटबमध्ये पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, विमा नव्हता. बिल कमी करून घ्यायला तो माणूस सात-आठ महिने जेवणाच्या सुट्टीत फोन धरून बसायचा. कमी झालंही, पण जे उरलं त्यात नाशिकला वन बीएचके आला असता.

इथल्या ज्येष्ठांना मेडिकेअर हा सरकारी विमा असतो, पाहुण्यांना तो लागू नाही. भावाच्या नोकरीतल्या विम्यातही आई-वडील पाहुणे म्हणून सहसा बसत नाहीत. आणि नाशिकचा मेडिक्लेम बहुतेक वेळा देशाबाहेर चालत नाही.

म्हणून माझ्या मते घ्यायचा की नाही हा प्रश्नच नाही, कुठला एवढाच आहे. इथे पाहुण्यांसाठी दोन जातीचे प्लॅन मिळतात. एक 'फिक्स्ड बेनिफिट'. तो स्वस्त असतो आणि लोक तोच उचलतात. त्यात प्रत्येक गोष्टीचा दर आधीच ठरलेला: खोलीचे इतके, आयसीयूचे इतके, शस्त्रक्रियेचे इतके. समजा आयसीयूच्या एका दिवसाला प्लॅन २,००० डॉलर देतो आणि बिल आलं १०,००० चं, तर वरचे ८,००० तुमच्या खिशातून. पॉलिसीवर मोठ्या अक्षरात '१,००,००० डॉलर' लिहिलेलं असलं तरी. दुसरा 'काँप्रिहेन्सिव्ह'. त्यात ठरलेली सुरुवातीची रक्कम तुम्ही भरायची, त्यानंतर पॉलिसीच्या कमाल मर्यादेपर्यंत कंपनी प्रत्यक्ष बिलावर भरते, कधी सुरुवातीच्या टप्प्यात ८० टक्के आणि मग पूर्ण. महाग आहे, पण मी आई-बाबांसाठी हाच घेतो. स्वस्तातला घेण्यापेक्षा एक महिना कमी राहा म्हणावं.

सिडकोची_सोनल
मंगळवार, सकाळी ९.०५

ताई, तो पेन्सिलीचा फॉर्म वाचून हात थरथरले. म्हणून लिहितेय, एरवी मी इथे फक्त वाचते.

चार वर्षांपूर्वी सासू-सासरे ग्रुप टूरबरोबर बँकॉकला गेले होते. तिथे तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सहा दिवस हॉस्पिटल, त्यातले चार आयसीयूत. विमा होता. आम्ही इथे देवासमोर बसून म्हणत होतो, निदान पैशाची चिंता नाही.

त्यांना आठ वर्षांपासून बीपी होता. विम्याच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं होतं. कोणी लिहिलं ते आम्हाला आजही नीट सांगता येत नाही. सह्या करा म्हटलं, त्यांनी केल्या. तिकडे अॅडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सासूबाईंनी खरं ते सांगितलं, बीपीची गोळी पिशवीतून काढून दाखवली. ते केस पेपरवर आलं. कंपनीने आमच्या पवननगरच्या फॅमिली डॉक्टरांकडची जुनी कागदपत्रं मागवली आणि पत्र पाठवलं: आजार लपवला, दावा नामंजूर.

साडेआठ लाख गेले. दोन क्रेडिट कार्डं, दिराचं कर्ज आणि माझ्या पाटल्या. पैसे फिटतील. पण सासूबाई आजही म्हणतात, "मी ती गोळी दाखवली नसती तर." त्या गोळीमुळेच डॉक्टरांना उपचाराची दिशा कळली हे कितीदा सांगितलं तरी त्यांना पटत नाही.

बाबांना सांगा, त्या फॉर्मवर सही केली नाहीत ते फार चांगलं केलंत.

दावा_विभाग_३१
मंगळवार, दुपारी १.३०

सोनलताई, आधी तुमच्या सासूबाईंसाठी: त्या बरोबर वागल्या. चूक झाली ती इथे, प्रवासाच्या आधी, फॉर्म भरताना. मी एका विमा कंपनीच्या दावा विभागात ३१ वर्षं काम केलं, असे कागद रोज टेबलावर यायचे. हॉस्पिटलमध्ये काय झालं यापेक्षा फॉर्मवर काय लिहिलं होतं यावर दावा अनेकदा ठरायचा.

इंदिरानगरच्या ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

पहिली, आजार सांगितला आणि कंपनीने तो वगळला. अशा वेळी फक्त तो आजार आणि त्यातून उद्भवणारं बाहेर राहतं. बाबांचं हृदय वगळलं, तरी पाय मोडला, न्यूमोनिया झाला, मूतखडा उठला, अपघात झाला, तर विमा उभा राहतो. साडेपाच महिन्यांत सत्तरीच्या माणसाला याची शक्यता काही कमी नसते.

दुसरी, आजार लपवला. मग कंपनीला सगळा करारच रद्द धरायची वाट मोकळी होते. उद्या पाय मोडला आणि एक्स-रेच्या आधी घेतलेल्या इतिहासात 'स्टेंट' हा शब्द आला, की पाय राहतो बाजूला आणि पत्रव्यवहार स्टेंटवर सुरू होतो. पेन्सिलीची खूण मारणारे एजंट तेव्हा फोन उचलत नाहीत, आणि उचलला तरी सही बाबांचीच असते.

आता हृदय धरतात का? आपल्याकडच्या बहुतेक परदेश प्रवास पॉलिसींमध्ये आधीपासूनचा आजार वगळलेला असतो. काहींमध्ये अपवाद असतो: त्या आजारामुळे जीवाला धोका निर्माण झाला तर प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च, तोही ठरावीक उपमर्यादेपर्यंत. म्हणजे पॉलिसी ५०,००० डॉलरची असली तरी या अपवादासाठी त्यातला छोटा भागच असू शकतो. हा आकडा पॉलिसीच्या पहिल्या पानावर सापडत नाही, आत उपमर्यादांच्या तक्त्यात असतो. तो तक्ता हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. कोणाला विचारायचं असेल तर ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लिहून मिळेल.

घरच्या मेडिक्लेममध्ये स्टेंटचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे जुना आजार धरायच्या आधीची थांबायची मुदत, संपला असेल तरी त्याचा इथे उपयोग नाही, हा करार वेगळा आहे. बाबांचं वय कुठल्या तारखेचं धरणार, पॉलिसी सुरू होतानाचं की दावा करतानाचं, हेही विचारा. तुमच्या बाबतीत ऑगस्ट मध्येच येतोय. आणि इथल्या कंपनीची पॉलिसी प्रवास सुरू होण्याआधी, भारतात असतानाच घ्यावी लागते. मुक्काम वाढला तर मुदत संपायच्या आत वाढवायची. संपल्यावर वाढवायला गेलात तर मधल्या काळातलं दुखणं तुमच्या डोक्यावर.

अजून एक. प्रत्येक पॉलिसीवर २४ तास चालणारा मदतीचा नंबर असतो. अॅडमिट होण्याआधी, आणि ते शक्य नसेल तर बहुतेक ठिकाणी २४ तासांच्या आत, त्यांना कळवायचं असतं. किती तास ते तुमच्या पॉलिसीत बघा. कॅशलेसचं गाडं तिथूनच चालू होतं. हा फोन न केल्यामुळे अडकलेले खरे दावे मी पाहिलेत.

सोनलताई, तुम्ही विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, गेला होतात का?

सिडकोची_सोनल
मंगळवार, दुपारी २.१०

नाही काका. कोणी सांगितलंच नाही. पत्र आलं आणि आम्ही ते फाईलला लावलं.

दावा_विभाग_३१
मंगळवार, दुपारी २.४५

वाईट वाटलं. अंतिम नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं, त्यामुळे आता ती वाट उरलेली नाही. इतरांसाठी लिहून ठेवतो. कंपनीच्या तक्रार विभागाला आधी लेखी कळवायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जायचं. नाशिक पुण्याच्या कार्यालयाखाली येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. तुमचा दावा ग्राह्य ठरला असता असं मी म्हणणार नाही. पण फॉर्म कोणाच्या अक्षरात होता, कोणी भरला, हे मांडायला एक जागा तुम्हाला मिळाली असती.

निफाडचा_बागायतदार
मंगळवार, रात्री ८.५०

आमचा अनुभव युरोपचा, तिकडे विचार करायला जागाच नाही. द्राक्षाच्या कामाने हॉलंडला दोनदा गेलो. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा, त्यात उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च दोन्ही पाहिजे, आणि मुक्कामाचे सगळे दिवस नि सगळे शेंगेन देश त्यात बसले पाहिजेत. सक्ती आहे म्हणून लोक सगळ्यात स्वस्त कागद घेतात आणि व्हिसा मिळाला की त्याकडे बघत नाहीत. मीही पहिल्या वेळी तेच केलं.

दुसऱ्या वेळी माझी बॅग आली नाही. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी एकटा उभा होतो, पट्टा थांबला तरी बॅग नाही. तिथल्या तिथे विमानतळाबाहेर पडायच्या आधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा नंबर घेतला, म्हणून पुढचं सगळं झालं. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि सामान मोडलं-फाटलं असेल तर ७ दिवसांत विमान कंपनीला लेखी कळवावं लागतं, तो आंतरराष्ट्रीय नियम आहे. विम्यातून मला दोन शर्ट, स्वेटर आणि दाढीच्या सामानाचे पैसे मिळाले, कारण पावत्या ठेवल्या होत्या. औषधं मात्र हातातल्या पिशवीत ठेवा, तुमच्या बाबांच्या गोळ्या बॅगेत टाकू नका.

इंदिरानगरची_लेक
मंगळवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. सोनल, तुझं लिहिलेलं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण त्यांचा मुद्दा अजून तोच आहे: "छातीत दुखलं तर मला विमानात बसवून आणा. इथल्या डॉक्टरांना माझी नस न नस माहीत आहे." याला काय उत्तर द्यायचं?

मखमलाबादचा_डॉक्टर
मंगळवार, रात्री १०.१५

उत्तर मी देतो, कारण हा प्रश्न मला दवाखान्यातही विचारतात.

छातीत दुखल्यावर हातात मिनिटं असतात. नेवार्कहून मुंबई थेट विमान धरलं तरी पंधरा तासांच्या आसपास हवेत, पुढे कसारा घाट. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या माणसाला लगेच विमानात कोणी घेत नाही. विमान कंपनी डॉक्टरांचं प्रवासयोग्य असल्याचं पत्र मागते, आणि ते पत्र मिळायला आधी तिथेच उपचार घ्यावे लागतात. तेव्हा बाबांनी परत यायचं ठरवलं तरी पहिलं हॉस्पिटल न्यू जर्सीतलंच असणार आहे. त्यांची इच्छा मी समजू शकतो. पण ती पहिल्या दिवशी पुरी होणारी नाही.

जायच्या आधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून एक पानाचं पत्र घ्या: स्टेंट कधी, कुठल्या नसेत, शेवटचा इको कधी, आत्ता काय चालू आहे. औषधांची जेनेरिक नावं लिहून घ्या, कारण आपली ब्रँडची नावं तिकडे कोणाला कळत नाहीत. साधं पॅरासिटामॉलसुद्धा तिकडे असिटामिनोफेन नावाने मिळतं. गोळ्या मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह. नेहमीच्या गोळ्या आणि नेहमीच्या तपासण्या प्रवास विम्यात सहसा बसत नाहीत, ती तयारी इथूनच.

एडिसनचा_पंचवटीकर
बुधवार, पहाटे ५.०५

डॉक्टरसाहेबांनी सांगितलं त्याला जोडून. अमेरिकन प्लॅनमध्ये एक शब्दप्रयोग असतो, 'अॅक्यूट ऑनसेट ऑफ प्रीएक्झिस्टिंग कंडिशन'. जुना आजार असला तरी तो अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता उफाळला आणि सहसा २४ तासांच्या आत उपचार घेतले, तर ठरलेल्या रकमेपर्यंत पैसे. ताई, तुम्हाला हवंय ते हेच कलम. पण ते शब्द न शब्द वाचा. दोन दिवस छातीत जडपणा होता, आई 'पित्त असेल' म्हणत राहिली आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल गाठलं, तर कंपनी म्हणेल, हे अचानक कुठे? त्यामुळे भावाला आणि वहिनीला आत्ताच सांगून ठेवा: बाबा 'थोडं जड वाटतंय' म्हणाले की लगेच उठायचं. हे विम्यासाठीही आणि बाबांसाठीही.

वयाचं दावा विभागाच्या काकांनी बरोबर सांगितलं. ७० नंतर बऱ्याच प्लॅनमध्ये कमाल रक्कम खाली येते, आणि हे कलम काही प्लॅनमध्ये अमुक वयानंतर मिळतच नाही. मुक्काम चालू असताना सत्तरी पूर्ण झाली तर काय, हे भावाने कंपनीकडून लिहून घ्यावं. हे प्लॅन इथे आल्यावरही घेता येतात, पण मी निघायच्या दिवसापासून सुरू करतो, कारण पॉलिसीच्या आधी सुरू झालेलं दुखणं त्यात बसत नाही. प्रवासात ताप भरला तर?

आणि सर्दी-खोकला, छोटी जखम यांसाठी इमर्जन्सी रूमला पळू नका. 'अर्जंट केअर' नावाचे दवाखाने कोपऱ्या-कोपऱ्यावर आहेत, त्यांचं बिल कितीतरी कमी असतं. भावाला आपल्या प्लॅनच्या नेटवर्कमधलं जवळचं हॉस्पिटल आणि जवळचं अर्जंट केअर आधीच शोधून ठेवायला सांगा.

प्रेसवाले_काका
बुधवार, सकाळी ७.२०

सगळं वाचलं. डॉक्टरांचं 'पहिलं हॉस्पिटल तिथलंच' हे मला कधी सुचलं नव्हतं. माझ्या तीन वाऱ्या झाल्या तेव्हा माझ्या नावावर एकही गोळी नव्हती, हे मी आधीच लिहायला हवं होतं. ताई, माझ्या सल्ल्यावर जाऊ नका. तरीही एक म्हणतो: गोळी नसलेल्या, पन्नाशीतल्या माणसाने आठ दिवस सिंगापूरला जाताना न घेतला तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही.

दावा_विभाग_३१
बुधवार, सकाळी ८.००

काका, मी तरी त्यालाही घ्या म्हणेन. आठ दिवसांचा प्रीमियम घरातून मुंबई विमानतळापर्यंतच्या टॅक्सीपेक्षा कमीच पडतो. आणि त्यात एक ओळ असते जिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही: माणूस तिकडे गेलाच तर पार्थिव परत आणण्याचा खर्च. अशी फाईल मी हाताळली आहे. त्या मुलाला वडिलांसाठी वर्गणी काढावी लागली नाही.

इंदिरानगरची_लेक
पुढच्या रविवारी, रात्री १०.२०

मंडळी, झालेलं सांगते.

एजंटांना फोन करून नवा कोरा फॉर्म मागवला. ते नाराज झाले, पण आणून दिला. बाबांनी कपाटातून अँजिओप्लास्टीची निळी फाईल काढली, डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवलं आणि बॉलपेनने स्वतः सगळं लिहिलं, स्टेंटची तारीख, प्रत्येक गोळी आणि तिचा डोस. जागा पुरली नाही म्हणून कोरा कागद जोडला. फ्रिजवरचा जुना फॉर्म त्यांनी फाडून टाकला.

इथल्या कंपनीचं उत्तर चार दिवसांत आलं. बाबांना पॉलिसी देतो म्हणाले, पण हृदय फक्त जीवावर बेतलं तर, आणि त्याची उपमर्यादा अमेरिकेतल्या खर्चापुढे फारच तुटपुंजी. भावाने तिकडचे तीन प्लॅन काढले. फिक्स्ड बेनिफिट पहिल्याच फेरीत बाद केला. उरलेल्या दोघांना ईमेल करून सत्तरीचा प्रश्न विचारला. एकाने गोल गोल उत्तर दिलं. दुसऱ्याने स्वच्छ लिहून दिलं की वय पॉलिसी सुरू होतानाचं धरू आणि अचानक उफाळलेल्या जुन्या आजाराचं कलम पूर्ण मुदतभर राहील. बाबांसाठी तो घेतला, निघायच्या दिवसापासून. आईसाठी इथलाच घेतला, थायरॉईड आणि गुडघे लिहून. दोघांचे मिळून पैसे बऱ्यापैकी गेले, बाबांच्या एका महिन्याच्या पेन्शनहून जास्त. हिशेब बघून ते गप्प झाले आणि मग म्हणाले, सोनलच्या सासूबाईंना माझा नमस्कार कळव. सोनल, कळवशील ना?

डॉक्टर, पत्र घेतलं. मूळ प्रत हातातल्या पिशवीत आणि एक फोटो भावाच्या फोनमध्ये.

मदतीचा नंबर बाबांनी एका जाड कागदावर मोठ्या आकड्यांत लिहिला, खाली पॉलिसी नंबर, आणि तो चष्म्याच्या घरात ठेवला. म्हणाले, पाकीट विसरेन, चष्मा नाही विसरणार. आईला तोच नंबर तिच्या पोथीच्या आतल्या पानावर लिहून दिला. काल संध्याकाळी जेवणं झाल्यावर भावाने व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून सराव करून घेतला: नाव काय सांगायचं, नंबर कुठून वाचायचा, 'छातीत दुखतंय' इंग्रजीत कसं म्हणायचं. पहिल्यांदा ती अडखळली. तिसऱ्यांदा तिने चष्मा न लावता नंबर म्हणून दाखवला.